थर्मामीटरची पेटी आणि ऑस्ट्रेलियाचा उन्हाळा

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात क्लोनकरी नावाचे एक लहानसे गाव आहे. १६ जानेवारी १८८९ रोजी ह्या गावातल्या थर्मामीटरचा पारा १२७.५ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे ५३.१ अंश सेल्सिअसवर गेला, अशी नोंद आहे. (आपल्याकडे जानेवारी म्हणजे थंडी, तिकडे तो ऐन उन्हाळा, हे वर्गात सांगावे लागतेच.) पुढे शंभराहून अधिक वर्षे ऑस्ट्रेलियातील सर्वोच्च तापमान म्हणून हाच आकडा पुस्तकांतून छापला जात होता. आज मात्र तो अधिकृत यादीत नाही. तेथील हवामानखात्याने तो काढून टाकला.

ह्यात गंमत अशी, की जुना विक्रम पुसणारे हे खातेच गेली काही दशके सांगत आहे, की आपला खंड तापतो आहे, उन्हाळ्याचे दिवस अधिक कडक होत आहेत. संशयी माणसाच्या मनात पाल चुकचुकावी अशीच ही गोष्ट आहे. जुना उन्हाळा कागदावर कमी करायचा आणि मग नवा उन्हाळा वाढला असे म्हणायचे, असा तर हा प्रकार नाही ना? ऑस्ट्रेलियात हा प्रश्न खरोखर विचारला गेला, वर्तमानपत्रांतून आणि सरकारदरबारीही. त्याचे उत्तर शोधायचे, तर पांढऱ्या रंगाच्या एका लाकडी पेटीची गोष्ट समजून घ्यावी लागते.

पारा नेमके काय सांगतो?

हवेचे तापमान मोजणे वाटते तितके सोपे काम नाही. थर्मामीटर स्वतःचे तापमान सांगतो. ते हवेच्या तापमानाइतके असेल, अशी व्यवस्था आपण करावी लागते. थर्मामीटर उन्हात ठेवला, तर त्याचा फुगा सूर्याच्या उष्णतेने हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. सावलीत ठेवला, तरी समोरच्या तापलेल्या जमिनीवरून, भिंतीवरून किंवा पत्र्यावरून येणारे उष्णतेचे प्रारण त्याच्यावर पडतच असते. रात्री ह्याच्या उलट घडते. उघड्या आकाशाखाली ठेवलेला थर्मामीटर आपली उष्णता आकाशाकडे फेकतो आणि हवेपेक्षा थंड होतो. म्हणजे चुकीच्या जागी ठेवलेला थर्मामीटर दुपारी जास्त आणि पहाटे कमी तापमान दाखवतो. आपल्याला ज्या टोकांचा अभ्यास करायचा आहे, ती दोन्ही टोके तो ताणून दाखवतो.

ही टोके टिपायला रात्रंदिवस कोणी थर्मामीटरपाशी बसत नाही. ताप बघण्याच्या थर्मामीटरमध्ये पाऱ्याच्या नळीला एक बारीकशी चिमटी असते. वर गेलेला पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही. कमाल तापमापकाची युक्ती तीच. किमान तापमापकात पाऱ्याऐवजी अल्कोहोल असते. त्यात बुडालेली बारीकशी दर्शक काडी अल्कोहोल आकसताना त्याच्या पृष्ठभागाबरोबर मागे ओढली जाते आणि अल्कोहोल पुन्हा प्रसरण पावले तरी ती तिथेच राहते. शाळेच्या प्रयोगशाळेत दिसणारा यू आकाराच्या नळीचा सिक्सचा तापमापक ह्याच कामाचा. निरीक्षकाने दिवसातून एकदा येऊन दोन आकडे लिहायचे आणि उपकरण पूर्ववत करायचे, एवढेच. दिवसाला दोन आकडे, वर्षाला सातशे तीस. एका खंडाच्या हवामानाचा इतिहास ह्या दोन-दोन आकड्यांनी बनलेला असतो.

वटवाघळे पडली तो दिवस

ऑस्ट्रेलियात इंग्रजांची पहिली वसाहत १७८८ साली सिडनीला झाली. पहिल्या जहाजांच्या ताफ्यातून आलेल्या विल्यम डॉज ह्या तरुण लेफ्टनंटने त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एका टेकाडावर वेधशाळा थाटली आणि १७९१ च्या डिसेंबरपर्यंत दिवसातून अनेकदा तापमान, वायुभार आणि वारा ह्यांची नोंद ठेवली. ही वही पुढे हरवल्यासारखीच झाली होती. १९७७ साली ती लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथालयात सापडली.

त्याच वसाहतीतला वॉटकिन टेंच नावाचा अधिकारी लिहितो, की २७ डिसेंबर १७९० रोजी दुपारी दोनच्या पुढे पारा १०९ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ४२.८ अंश सेल्सिअसवर गेला. पुढच्या फेब्रुवारीत सिडनीजवळच्या रोझ हिल येथे उष्ण वाऱ्याने वटवाघळांचे थवेच्या थवे झाडांवरून मरून पडू लागले. हे वर्णन अतिशयोक्तीचे वाटण्याजोगे आहे. पण फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांना सुमारे ४२ अंशांच्या पुढची हवा सोसत नाही, हे आता प्राणिशास्त्रज्ञांना ठाऊक आहे आणि अलीकडच्या उन्हाळ्यांतही ऑस्ट्रेलियात ती हजारोंनी मेली आहेत. थर्मामीटर कुठे टांगला होता ह्याबद्दल वाद घालता येईल, पण वटवाघळांबद्दल नाही.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवायची. जुन्या काळी ऑस्ट्रेलियात कडक उन्हाळे नव्हते, असे कोणीच म्हणत नाही. १८९६ च्या जानेवारीतल्या उष्णतेच्या लाटेत त्या खंडावर चारशेहून अधिक माणसे दगावली. न्यू साउथ वेल्समधल्या बर्क ह्या गावातून लोक रेल्वेने थंड हवेच्या प्रदेशाकडे निघून गेले. ते मृत्यू खरे आहेत. प्रश्न एवढाच, की त्या वेळचे अंश आणि आजचे अंश एकाच ताजव्यात तोलता येतात का?

तारखात्यातला खगोलशास्त्रज्ञ

हे ताजवे तयार होण्यात दोन माणसांचा मोठा वाटा आहे. दोघांचे स्वभाव अगदी विरुद्ध.

चार्ल्स टॉड १८५५ साली ॲडलेडला आला, तो खगोलशास्त्रज्ञ आणि तारखात्याचा प्रमुख अशा दुहेरी नेमणुकीवर. १८७२ साली त्याच्या देखरेखीखाली दक्षिण किनाऱ्यापासून उत्तरेच्या डार्विनपर्यंत, खंडाच्या मधोमध, वाळवंटातून जाणारी तारेची ओळ पुरी झाली. (ह्या ओळीवरच्या एका ठाण्याजवळच्या झऱ्याला त्याच्या पत्नीचे, ॲलिसचे, नाव दिले गेले, तेच आजचे ॲलिस स्प्रिंग्ज.) टॉडने तारमास्तरांना आणखी एक काम लावले. संदेशांबरोबर त्यांनी हवामानाची निरीक्षणेही पाठवायची. जिथे दुसरी वस्ती नव्हती, अशा ओसाड मुलखातून ॲडलेडला तापमानाचे आकडे येऊ लागले.

टॉडचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. आपल्या नोंदी हिंदुस्थानातल्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर, दोन्ही देशांत तीव्र अवर्षणे बहुधा एकाच वेळी पडतात, हे त्याने १८८८ साली सांगितले. ह्याचे कारण त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर ह्यांनी वायुभाराच्या ज्या हेलकाव्याला ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव दिले आणि ज्याची सांगड आज आपण एल निन्योशी घालतो, त्याचीच ही खूण होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र टॉडचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे ॲडलेडच्या वेस्ट टेरेस वेधशाळेच्या अंगणातला एक प्रयोग. त्या काळी तिथे थर्मामीटर ग्लेशर स्टँडवर लावलेले असत. ग्रिनिचच्या जेम्स ग्लेशर ह्यांनी योजलेली ही एक उभी फळी. वर उतरते छप्पर, पुढची बाजू आणि खालची बाजू उघडी. सूर्य सरकेल तशी फळी फिरवायची, म्हणजे थर्मामीटर तिच्या सावलीत राहतात. निरीक्षक फळी फिरवायला विसरला, तर ऊन थेट फुग्यावर. विसरला नाही, तरी तापलेल्या जमिनीची धग समोरून लागतेच.

ह्याला पर्याय होता स्टीव्हन्सनची पेटी. टॉमस स्टीव्हन्सन हे स्कॉटलंडमधले दीपगृहे बांधणारे अभियंते. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या कादंबरीकाराचे वडील. १८६४ च्या सुमारास त्यांनी एक पांढरी लाकडी पेटी सुचवली. तिच्या भिंती झिलमिलीच्या खिडकीसारख्या तिरप्या पट्ट्यांच्या आणि दुहेरी. वारा आरपार खेळतो, पण ऊन आणि जमिनीची धग आत शिरत नाही. पेटी माणसाच्या छातीच्या उंचीला, चार पायांवर. दार उत्तर गोलार्धात उत्तरेला आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेला, म्हणजे दार उघडताना आत ऊन पडू नये. आपल्या वेधशाळांच्या आवारात हीच पेटी दिसते. विद्यार्थ्यांना वेधशाळा दाखवायला नेलेत, तर पेटीचे दार कुठल्या दिशेला आहे आणि का, हे त्यांनाच शोधू द्यावे.

१८८७ साली टॉडने ग्लेशर स्टँडच्या शेजारीच स्टीव्हन्सन पेटी उभी केली. जुने काढून नवे बसवले नाही, दोन्ही ठेवले आणि दोन्हींतले आकडे रोज लिहिले जाऊ लागले. टॉड निवृत्त झाला, १९१० साली वारला. त्याच्या मागून आलेल्यांनी क्रम मोडला नाही. १९४७ पर्यंत, एकसष्ट वर्षे, हे चालले. ह्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी. इतका लांबलेला शेजारतुलनेचा प्रयोग जगात क्वचितच झाला असेल.

त्याचे फळ मिळाले ते फार उशिरा. १९९६ साली नेव्हिल निकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या नोंदींचा हिशेब प्रसिद्ध केला. वर्षाची सरासरी पाहिली, तर ग्लेशर स्टँड पेटीपेक्षा सुमारे ०.२ अंशच जास्त दाखवत होता. पण उन्हाळ्यातले कमाल तापमान घेतले, तर फरक जवळजवळ एक अंशाचा! रात्रीचे किमान तापमान उलट थोडे कमी. आकडा छोटा वाटेल. पण १९१० पासून ऑस्ट्रेलियाचे सरासरी तापमान किती वाढले, तर सुमारे दीड अंश. म्हणजे नुसते थर्मामीटरचे घर बदलल्याने उन्हाळ्यातल्या कमाल तापमानात जो फरक पडतो, तो शतकभराच्या तापवाढीच्या निम्म्याहून अधिक आहे. आणि हा फरक सरासरीत लपून राहतो, टोकांना उघडा पडतो.

दुसरा माणूस क्लेमंट रॅग. उंच, तांबूस केसांचा, भांडखोर. स्कॉटलंडमध्ये असताना १८८१ च्या मोसमात हा गडी बेन नेव्हिस पर्वताच्या शिखरावर निरीक्षणे घ्यायला रोज चढत असे. १८८७ साली तो क्वीन्सलंडचा सरकारी हवामानतज्ज्ञ झाला. चक्रीवादळांना नावे देण्याची चाल त्याची; न आवडणाऱ्या राजकारण्यांची नावेही तो त्यांना देई. इतर वसाहतींच्या हवामान अधिकाऱ्यांशी त्याचे कधी पटले नाही. पण एका बाबतीत तो हट्टाला पेटला ते बरे झाले. क्वीन्सलंडभर स्टीव्हन्सन पेट्या बसवायचा त्याने सपाटा लावला. त्यामुळे त्या प्रांताच्या भरवशाच्या नोंदी इतर प्रांतांच्या आधी सुरू होतात.

क्लोनकरीला मात्र त्या जानेवारीत पेटी पोचलेली नव्हती. ब्लेअर ट्रेविन ह्या हवामानतज्ज्ञाने १९९७ साली त्या नोंदीची छाननी करून दाखवले, की थर्मामीटर प्रमाणित पेटीत नव्हता. पेट्या सर्वत्र आल्यानंतर त्या उंचीचा आकडा पुन्हा त्या खंडावर कुठेच आलेला नाही. विक्रम गळाला तो ह्या कारणाने.

असे आकडे आजही येतात. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा आकडा दिला होता आणि त्याच आठवड्यात दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या केंद्राने ५२.९. नागपूरचा संवेदक बिघडला होता, दिल्लीचा सुमारे तीन अंश जास्त दाखवत होता, असे भारताच्या हवामानखात्याने तपासाअंती सांगितले. बातमी पहिल्या दिवशी मोठी होती, खुलासा नंतर लहान आला. १८८९ च्या आकड्याला खुलासा मिळायला शतक लागले.

पोस्टमास्तरांच्या वह्या

१९०१ साली ऑस्ट्रेलियातल्या वसाहती एकत्र येऊन एक राष्ट्र झाले आणि १ जानेवारी १९०८ पासून साऱ्या देशाचे एकच हवामानखाते सुरू झाले. हेन्री हंट त्याचे पहिले प्रमुख. पेट्या, उपकरणे, वेळा ह्यांचे नियम सर्वत्र सारखे झाले. १९१० च्या सुमारास बहुतेक ठिकाणी स्टीव्हन्सन पेटी आली होती. म्हणून तेथील राष्ट्रीय तापमानमाला १९१० पासून मोजतात. १८९० च्या दशकातला उन्हाळा लपवण्यासाठी नव्हे, तर त्याच्या आधीची मापे एका जातीची नाहीत म्हणून. ज्या ठिकाणी पेटी आधीपासून होती तिथल्या जुन्या नोंदींचा अभ्यास स्वतंत्रपणे होतोच.

पण पेटी आली म्हणजे काम संपले, असे नाही. लहान गावी निरीक्षक कोण? बहुधा पोस्टमास्तर. पोस्टाच्या मागच्या अंगणात पेटी आणि सकाळी नऊला नोंद. रविवारी पोस्ट बंद. कमाल तापमापक रविवारी पूर्ववत केला नाही, तर सोमवारी सकाळी वाचलेला आकडा दोन दिवसांतल्या अधिक तापलेल्या दिवसाचा असतो. कोणी अपूर्णांक लिहायचा कंटाळा करी आणि पूर्ण अंशच लिही. अंगणातली झाडे वाढत, सावली लांबत जाई. कधी शेजारी नवी भिंत उभी राही. १९३० ते १९५० च्या दरम्यान पुष्कळ केंद्रे गावातून बाहेर, नव्या विमानतळांवर गेली. डार्विनचे केंद्र १९४१ साली असेच विमानतळावर हलले. पुढच्या वर्षी १९ फेब्रुवारीला जपानी विमानांनी केलेल्या बॉम्बफेकीत तिथले पोस्ट उद्ध्वस्त झाले. १ सप्टेंबर १९७२ रोजी फॅरनहाइट जाऊन सेल्सिअस आले. १ नोव्हेंबर १९९६ पासून, जिथे स्वयंचलित उपकरण आहे तिथे, त्याचीच नोंद मुख्य मानली जाऊ लागली.

एककांचाही एक गमतीदार परिणाम असतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मार्बल बार गावी ३१ ऑक्टोबर १९२३ ते ७ एप्रिल १९२४ असे सलग १६० दिवस कमाल तापमान १०० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त राहिले. हा विक्रम अजून अबाधित आहे. पण १०० फॅरनहाइट म्हणजे ३७.८ सेल्सिअस. निसर्गाला त्या आकड्याचे काहीच महत्त्व नाही. सुरुवातीपासून सेल्सिअस वापरात असते, तर कोणी ३८ किंवा ४० ची रेघ मारली असती आणि दिवस वेगळे भरले असते.

हे सारे बदल शोधून काढायचे म्हणजे इतिहासकाराचेच काम. १९९० च्या दशकात सायमन टॉरोक ह्या मेलबर्नच्या संशोधकाने निकल्स ह्यांच्याबरोबर जुन्या फायली, तपासनिसांचे अहवाल, जागांची वर्णने चाळून प्रत्येक केंद्र कधी हलले, पेटी कधी बदलली, ह्याची जंत्री केली आणि १९९६ साली वार्षिक तापमानांची सुधारलेली माला प्रसिद्ध केली. ट्रेविन ह्यांनी ह्याच्या पुढचे, अधिक अवघड काम हाती घेतले: रोजच्या तापमानांची सुधारणा.

हे अवघड का? समजा, एखादे केंद्र टेकडीवरून खाली सखल जागी आणले. ढगाळ, वाऱ्याच्या रात्री दोन्ही ठिकाणी तापमान सारखेच असेल. पण निरभ्र, शांत रात्री थंड हवा सखल भागात साचते आणि तिथे तापमान चार-पाच अंशांनी कमी होते. सरासरी फरक दोन अंश आला, म्हणून सगळ्या रात्रींना दोन अंश लावले, तर ढगाळ रात्री विनाकारण बदलतील आणि सर्वांत थंड रात्रींची चूक निम्मीच दुरुस्त होईल. आपल्याला तर त्याच रात्री हव्या आहेत. म्हणून ट्रेविन ह्यांनी जुन्या व नव्या जागेची तापमाने चढत्या क्रमाने लावून जोडी जमवली: तळाच्या दहा टक्के रात्रींना एक फरक, मधल्यांना दुसरा, वरच्यांना तिसरा. जिथे दोन्ही जागी काही काळ एकदम नोंदी घेतल्या गेल्या, तिथे हे थेट करता येते. नसेल तिथे आजूबाजूच्या केंद्रांचा आधार घ्यावा लागतो. ह्या पद्धतीने ११२ केंद्रांची १९१० पासूनची दैनिक तापमाने हवामानखात्याने २०१२ साली प्रसिद्ध केली आणि २०१८ साली ती पुन्हा सुधारली.

भांडण

२०१४ साली ह्यावरून जाहीर वाद पेटला. निमित्त झाले व्हिक्टोरियातल्या रुदरग्लेनचे. द्राक्षांच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ह्या गावी कृषी संशोधन केंद्रात शतकभराच्या नोंदी आहेत. मूळ आकड्यांनुसार तिथले किमान तापमान शतकाला सुमारे ०.३५ अंशांनी उतरत होते. सुधारित आकड्यांनुसार ते शतकाला १.७ अंशांनी चढत होते. थंड होणारे गाव कागदावर गरम झाले, अशी टीका वर्तमानपत्रांत झाली. केंद्राची पेटी हलवल्याचा स्पष्ट कागद दाखवता येत नव्हता, ही टीकाकारांची बळकट बाजू.

खात्याचे म्हणणे असे, की रुदरग्लेनची तुलना आजूबाजूच्या केंद्रांशी केली, तर १९६६ आणि १९७४ साली तिथल्या किमान तापमानात एकदम पायरी पडलेली दिसते. शेजारच्या केंद्रांत ती नाही. हवा बदलली असती, तर शेजाऱ्यांनाही ते जाणवले असते. म्हणजे बदलली ती जागा. सरकारने २०१५ साली संख्याशास्त्रज्ञांची एक समिती नेमली. माला नीट राखलेली आहे, पण सुधारणा कशा केल्या हे खात्याने अधिक उघडपणे मांडावे, असे समितीने सांगितले. माझ्या मते टीकाकारांनी प्रश्न विचारला हे गैर नव्हते. खात्याने आधीच प्रत्येक केंद्राची कुंडली लोकांपुढे ठेवली असती, तर एवढी धूळ उडाली नसती.

मात्र एका गावावरून खंडाचा निकाल लागत नाही. सुधारणा काही ठिकाणी तापवाढ वाढवतात, काही ठिकाणी कमी करतात. सुधारणा न केलेले आकडे घेतले, तरी १९६० नंतरची खंडाची तापवाढ जवळपास तेवढीच निघते. शिवाय ऑस्ट्रेलियाभोवतालच्या समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान १९०० पासून एक अंशाहून थोडे अधिक वाढले आहे, आणि समुद्रावर पोस्टमास्तर नव्हते.

वीस चिठ्ठ्यांचा खेळ

रोजच्या टोकांत हा कल कसा दिसतो, ते पाहण्याआधी वर्गात करण्याजोगा एक खेळ सांगतो. १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या करून त्या गोळा करा आणि एकेक उचला. आधीच्या सर्वांपेक्षा मोठा आकडा आला, की तो ‘विक्रम’. पहिली चिठ्ठी विक्रमच. दुसरी विक्रम असण्याची शक्यता १/२, तिसरीची १/३, विसावीची १/२०. ह्या साऱ्यांची बेरीज सुमारे ३.६ येते. वर्गातल्या पन्नास मुलांनी एकेकदा खेळ केला, तर सरासरी तिच्या जवळ येईल. शंभर चिठ्ठ्यांना बेरीज जेमतेम ५.२ होते. म्हणजे हवामान बदलत नसेल, तर विक्रम उत्तरोत्तर दुर्मीळ होत गेले पाहिजेत. आणि उष्णतेचे नवे विक्रम व थंडीचे नवे विक्रम सारख्याच संख्येने घडले पाहिजेत.

ऑस्ट्रेलियात काय घडले? २००१ नंतरच्या सुमारे तेरा वर्षांचा हिशेब खात्याने २०१४ साली दिला. दिवसाच्या कमाल तापमानात उष्णतेचे विक्रम थंडीच्या विक्रमांच्या जवळजवळ तिप्पट, रात्रीच्या किमान तापमानात जवळजवळ पाचपट! रात्री दिवसांपेक्षा अधिक एकतर्फी झाल्या आहेत. उष्णतेची लाट माणसाला मारते ती बहुधा रात्री गारवा न मिळाल्याने, हे लक्षात घेतले की ह्या पाचपटीचा अर्थ कळतो.

दुसरे माप पाहू. १९६० ते १९८९ ह्या काळात जी मासिक कमाल तापमाने शंभरात दोनदाच येत, ती २००५ ते २०१९ मध्ये शंभरात सुमारे बारा वेळा आली. सरासरी दीडच अंश सरकली, मग टोक सहापट कसे? घंटेच्या आकाराचा वितरणाचा आलेख काढून तो थोडासा उजवीकडे सरकवून पाहावा. मधला भाग जवळजवळ होता तसाच दिसतो, पण उजव्या टोकाकडच्या रेघेपलीकडचे क्षेत्र कितीतरी पटींनी वाढते. फळ्यावर दोन मिनिटांत दाखवता येते.

२०१९ साल तर वेगळेच. साऱ्या खंडाचे मिळून सरासरी कमाल तापमान ३९ अंशांच्या वर गेले, असे दिवस १९६० ते २०१८ ह्या एकोणसाठ वर्षांत २४ होते. एकट्या २०१९ मध्ये ते ३३ झाले. १८ डिसेंबरला ही सरासरी ४१.८८ अंशांवर पोचली. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा उबदार आणि पूर्वेचा भाग थंड होता. मान्सून भारतातून फार उशिरा, ९ ऑक्टोबरला परतू लागला आणि त्यामुळे डार्विनच्या बाजूलाही पाऊस उशिरा पोचला. आपली लांबलेली ओल आणि त्यांचा लांबलेला कोरडा उन्हाळा ही एकाच गोष्टीची दोन टोके होती. टॉडला हे ऐकून आनंद झाला असता. अर्थात असे हेलकावे पूर्वीही येत. फरक असा, की आता हेलकावा दीड अंश वरच्या पायरीवरून सुरू होतो.

सगळीकडे चित्र सारखे मात्र नाही. खंडाच्या आग्नेय आणि नैर्ऋत्य भागांत हिवाळ्यातला पाऊस घटला आहे. पाऊस नाही म्हणजे ढग नाहीत आणि निरभ्र रात्री जमीन भराभर निवते. त्यामुळे तिथल्या काही पट्ट्यांत हिमतुषाराच्या रात्री १९८० च्या दशकापासून फारशा कमी झालेल्या नाहीत. गहू फुलोऱ्यात असताना पडणाऱ्या हिमतुषाराने होणारे नुकसान तिथल्या शेतकऱ्याला चुकलेले नाही. ‘तापमान वाढते आहे’ हे वाक्य त्याला पटवताना हवामानखात्यालाही अवघड जात असणार.

क्लोनकरीचा आकडा गेल्यानंतर यादीत सर्वांत वर दोन नोंदी आहेत आणि दोन्ही ५०.७ अंशांच्या. पहिली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ऊडनाडाटाची, २ जानेवारी १९६० ची. तिथे दुसऱ्या दिवशीही पारा ५०.३ वर होता. दुसरी पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑन्स्लोची, १३ जानेवारी २०२२ ची. पहिली फॅरनहाइटच्या काळातली, दुसरी स्वयंचलित केंद्रावरची. ऑन्स्लोची नोंद आल्याबरोबर खात्याने पहिल्यांदा शेजारी पाहिले. मार्डी आणि रोबर्न ह्या त्याच किनाऱ्यावरच्या दोन केंद्रांनी त्या दिवशी ५०.५ अंश नोंदवले होते.